दोन किलो नमुना

खाडीत मासळी उरली नाही, तेव्हा कळव्याच्या दाजी कोळ्याने सत्त्याऐंशी साली घरामागे तीनशे कोंबड्या पाळल्या. बायको मंजुळा धक्क्यावरून मासे आणून विकायचीच. श्रावणात कोंबड्या मरायला लागल्या. पंख टाकायच्या, मान टाकायच्या आणि दाजीकडे असं बघायच्या, जसं काही त्यानेच केलंय.

ठाण्याच्या डॉक्टरने एक मेलेली फाडून बघितली. कलेजी पिवळीधमक. "खाद्याच्या मक्यात बुरशीचं विष असणार. पोत्यातला दोन किलो नमुना आणा, तपासायला पाठवू."

दाजीने पोतं उघडून हुंगलं. दाणे अधूनमधून हिरवे-काळे होते, पण सुकटीत जन्म गेलेल्या नाकाला तो वास अत्तरासारखा वाटला. तरी डॉक्टरकडे असलं न्यायचं? कोळणीच्या पाटीत वर कायम चांगलं पापलेट असतं. नवराबायकोने दिवसभर बसून दाणा न दाणा निवडला, पुसला, श्रावणातल्या उन्हात वाळवला. काळे दाणे परत पोत्यात गेले. टाकायचे कशाला, कोंबड्या होत्या की.

पंधरा दिवसांनी अहवाल आला: विष आढळले नाही, दाणा उत्कृष्ट. दाजीने तो खुराड्याच्या दाराला चिकटवला. कोंबड्यांना वाचता येत नसल्यामुळे त्या मरत राहिल्या.

"सरकारी कागद हाय, तरी मरतात साल्या!" दाजी म्हणाला. "नाटकं नुसती."

ऐंशी उरल्या तेव्हा डॉक्टर स्वतः आला. पोत्यात हात घातला, तो हिरवा होऊन बाहेर आला.

"हेच आणून दिलेलंत?"

"छे छे साहेब! तुमाला असलं कसं द्यायचं? निवडून दिलेलं."

"आणि कोंबड्यांना?"

"त्या काय, घरच्याच."

डॉक्टर बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "पोती जाळा. सुका मका आणा. वाचल्या तर वाचल्या."

पोती जाळली. अहवाल मात्र दारावरच राहिला, एवढा चांगला कागद कोण जाळतो?

दुसऱ्या दिवशी दाजी जेवायला बसला. रोज त्याच्या घरात न खपलेली, ठेचलेली मांदेली शिजायची. आज मंजुळाच्या ताटात पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट, तळलेलं.

"अगं, हे गिऱ्हाइकाचं ना?"

"गिऱ्हाइकाला उद्या," मंजुळा काटा काढत म्हणाली. "मला नाय व्हायचं तुमची कोंबडी."