दुपारच्या जाळ्यातला नमुना

दुपारच्या जाळ्यातून मंदाकिनीबाईंचे यजमान वर आले, तेव्हा ते अंगठ्याएवढे होते आणि त्यांना दहा पाय होते. बाईंनी त्यांना खोकण्यावरून ओळखलं. चिमट्याने उचलून काचेच्या बशीत ठेवलं, वर थोडं समुद्राचं पाणी ओतलं. समुद्री जीवांच्या सर्वेक्षणाच्या ज्या जहाजावर बाई नमुने निवडायच्या, तिथे आरडाओरडा करायची पद्धत नव्हती आणि बाईंना तशी इच्छाही झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी पिशवी घेऊन बंदरावर सुरमई आणायला गेलेला माणूस. गेला तो गेलाच. सुरमई नाही आणि पिशवीही नाही.

जहाजावरचे मुख्य शास्त्रज्ञ पेडणेकर यांनी भिंग पुढे ओढलं. "नवीन वाटतोय."

"नवीन कसले? आमचे हे आहेत," बाई म्हणाल्या.

"असतील. पण नियम तुम्हाला माहीत आहे, बाई. ओळख पटली तर घरी न्या. नाही पटली तर नव्या जातीची नोंद, आणि नमुना स्पिरिटमध्ये."

तीस वर्षं ज्याला ताट वाढलं त्याची ओळख पटवायची! हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी बाईंनी हातमोजे घातले आणि खुर्ची पुढे घेतली.

"कपाळावर काटा?"

"आहे."

"नांग्या सारख्या?"

"डावी मोठी."

तिथवर काम सरळ होतं. मग पेडणेकरांनी त्याच आवाजात विचारलं, "चहात साखर किती?"

"दोन चमचे."

"मला साखर कधीच आवडली नाही," बशीतून आवाज आला. त्यात तक्रार नव्हती. ते नुसतं सांगत होते.

"झोपेत कोणाचं नाव घेतो?"

"झोपेत बोलत नाहीत हो ते."

"बोलतो," यजमान म्हणाले. "मंदा, तू शेजारीच असायचीस."

पेडणेकरांनी स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढलं. खोलीभर वास पसरला. बाईंना भीती वाटली, पण लांबून, दुसऱ्याच्या घरात भांडं पडावं तशी.

"मला न्यायचंय यांना," त्या म्हणाल्या.

"ते मी विचारलेलंच नाही. आता शेवटचं. त्याला घरी यायचंय का? नीट बघून सांगा." त्यांनी बाटली बशीवर तिरकी धरली.

बाईंनी भिंगाला डोळा लावला. यजमानांचे डोळे बारीक देठांवर उभे होते. ते सावकाश एकमेकांपासून लांब झाले. एक बाईंवर येऊन थांबला. दुसरा बशीच्या काठावरून खिडकीबाहेरच्या पाण्याकडे वळला आणि तिथेच राहिला.