धाकटीची ओळ

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं घालवून टोमॅटोची एक जात तयार केली. पातळ सालीची, गोड, आणि विषाणूच्या रोगाला चटकन बळी पडणारी. घरात आम्ही तिला धाकटी म्हणायचो, कारण बाबांनी तिचे जेवढे लाड केले तेवढे माझे कधी केले नाहीत. रोगामुळे शेतांतून ती केव्हाच गेली. उरली फक्त आमच्या संशोधन केंद्राच्या हरितगृहात, तीही आजारी पडण्यापुरती.

नव्या जातीची परीक्षा घेताना प्रत्येक रोपाच्या पानांवर रोगट पानांचा रस बोटाने चोळतात. शेजारी, हमखास रोग लागणाऱ्या जातीची एक ओळ असते. ती आजारी पडली तरच रसात दम होता असं धरतात, नाहीतर परीक्षा रद्द. आमच्याकडे ही ओळ धाकटीची.

या वेळी परीक्षा माझ्या जातीची होती. निवृत्त झाले तरी बाबांचे पाय हरितगृहाकडेच वळायचे, म्हणून धाकटीची ओळ मी त्यांच्यावर सोपवली.

काही दिवसांनी पाहते तर माझी रोपं ठणठणीत. मी हरखून गेले. मग धाकटीकडे नजर गेली. तीही ठणठणीत. म्हणजे परीक्षाच रद्द.

मी विचारलं तेव्हा बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "नुसतं पाणी चोळलं," ते म्हणाले. "हात धजला नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या रागातच, इतके दिवस मुद्दाम दडवलेलं बोलून गेले. माझ्या जातीत रोग अडवणारा गुण एका रानटी, कडवट टोमॅटोकडून आला होता. गोडी आणि पातळ साल मात्र धाकटीची. ती माझ्या जातीची आई होती.

"ती आजारी पडली नाही, तर तिच्या लेकीवर कोण विश्वास ठेवणार, बाबा?"

रोपं नव्याने लावल्यावर धाकटीच्या ओळीत रस त्यांनीच चोळला, प्रत्येक पान तळहातावर घेऊन.

रोग दिसायच्या सुमारास ते आधी माझ्या रोपांपाशी गेले. पानं उलटून उलटून पाहिली. कुठेच डाग नव्हता. मग धाकटीकडे वळले. तिची पानं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांनी आकसली होती.

"लागण, सगळ्या रोपांना," ते म्हणाले. "लिही."

माझ्याने लिहवेना. जन्मभर जिचा हेवा केला तिच्यासाठी मला रडू फुटलं होतं. बाबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि धाकटीच्या नावापुढे स्वतःच लिहिलं.