मागच्या डाव्या चाकाचा दोरा

रतिलाल शेटजींच्या परदेशी गाडीतला ब्रेकचा पिवळा दिवा आठवडाभर विझत नव्हता, आणि ड्रायव्हर भिकननेच गाडी कुठेतरी खड्ड्यात आपटली असं शेटजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "जळगावला ने. दिवा विझला तर गाडी घेऊन ये, नाहीतर परत आल्यावर किल्ली ठेवून घरी जा," त्यांनी धुळ्यात सांगितलं. भिकन 'बरं' म्हणाला. नोकरी जाईल हे त्याला समजत होतं, पण त्याची भीती वाटत नव्हती. पोळ्याच्या सुमारास त्याची बायको सुनंदा तापाने गेली, तेव्हापासून सगळं असंच चाललं होतं. रडून मोकळा हो, असं ज्याने त्याने सांगितलं. रडूच येईना, तर माणसाने करावं तरी काय?

जळगावात मेहरूणच्या गॅरेजात तोताराम मिस्त्रीने डॅशबोर्डखाली हात घालून तपासणीच्या सॉकेटातली दोन टोकं तारेने जोडली आणि किल्ली फिरवली. दिवा लुकलुकू लागला. ते लुकलुकणं मोजायचं आणि पुस्तकात बघायचं, की बिघाड कुठे आहे ते कळतं. बिघाड मागच्या डाव्या चाकाशी निघाला. तिथे चाकाचा वेग ओळखणारा सेन्सर असतो, त्याच्या टोकाशी लोहचुंबक.

चाक उतरवून तोताराम वाकून बघत राहिला, मग त्याने आत बोट दाखवलं.

"भिकनभाऊ, आठे दखा. हाऊ दोरा कोनी बांधा?"

चाकामागच्या दांड्याला काळा दोरा होता, त्यात घोड्याच्या नालेचा खिळा ओवलेला. दोरा सैल पडून खिळा सेन्सरला चिकटला होता.

भिकनने गाठ ओळखली. सुनंदा पिठाच्या पिशवीलाही अशीच दुहेरी गाठ मारायची. शेटजींच्या गाडीला नजर लागली असती तरी तिला काही वाटलं नसतं. आत तिचा नवरा बसायचा. तो घरी जेवायला थांबला असताना ही बाई कधीतरी गाडीखाली शिरली असणार, आणि त्याला एका शब्दाने बोलली नव्हती.

"मन्ही बायकोनी बांधा व्हई," तो म्हणाला.

तोतारामने पक्कड उचलली. "कापी टाकू का?"

"मीच कापसू."

दोरा लगेच तुटला. भिकनला काहीच वाटलं नाही. खिळा त्याने खिशात टाकला. तोतारामने चाक बसवलं, गाडीच्या आठवणीत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला आणि एक चक्कर मारून आणली. दिवा विझला होता. नोकरी वाचली.

धुळ्याला परतताना पारोळ्याच्या पुढे कापसाचा ट्रक ओव्हरटेक करत थेट अंगावर आला. त्या रस्त्यावर हे रोजचंच, आणि हल्ली तर भिकन अशा ट्रककडे बघतही नव्हता. आज त्याने ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिला. मग एका हाताने त्याने खिशातला खिळा चाचपला. सुनंदा गेल्यापासून त्याला पहिल्यांदाच भीती वाटली होती.