कंसातला आवाज

आमच्या मासिकात गोष्टीला आठ पानं मिळतात. नववं पान जाहिरातीचं असतं. तिला कोणी धक्का लावायचा नाही असा संपादकबाईंचा हुकूम आहे, आणि कचेरीत देवाच्या खालोखाल बाईंचाच शब्द चालतो. पानं लावायचं काम माझं. गोष्ट आठ पानांत मावत नसेल तर कात्री मीच चालवते. एकवीस वर्षं चालवतेय, आणि कुणा लेखकाला कुठे कापलं ते कळलेलं नाही, हा माझा आतापर्यंतचा तोरा.

त्या महिन्याची भयकथा पटकथेच्या रूपात आली होती. 'आत. खोली. दुपार.' असं वर लिहायचं आणि खाली नुसते संवाद. एका मुलीची आई वारलेली असते. रोज दुपारी तीनला बंद दारापलीकडून तिचा आवाज येतो. मुलगी दार उघडत नाही, संपली गोष्ट. भरली सव्वानऊ पानं. संवाद कापले तर गोष्ट लंगडी होणार. मग मी प्रत्येक संवादाआधी कंसात लिहिलेलं, तो कोणत्या सुरात म्हणायचा ते, न वाचताच काढलं. तसं म्हटलं तर ते आमचं जुनंच वळण. बाई म्हणतात, "कंसातलं म्हणजे लेखकाचं स्वतःशी पुटपुटणं. वाचकाला काय त्याचं?" एक्कावन्न कंस गेले आणि गोष्ट आठ पानांत अशी बसली, जशी पेटीत घडी घातलेली साडी.

अंक निघाला आणि चौथ्या दिवसापासून पत्रांची रीघ लागली. टपाल आणणाऱ्या मामांनी गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. "घ्या. एवढी पत्रं बाईंच्या अग्रलेखालासुद्धा कधी आली नाहीत."

"हळू बोला, मामा. ऐकतील."

एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं होतं, 'आत, खोली, दुपार, ही काय गोष्ट झाली? मला वाटलं घर भाड्यानं देण्याची जाहिरात आहे. पण शेवटपर्यंत वाचली, आणि दुपारची झोप गेली ती गेलीच.' एका घरात सगळ्यांनी भूमिका वाटून मोठ्यानं वाचली होती. आईचे संवाद सासूबाईंना दिले. 'त्यांनी ते इतके झकास म्हटले की सूनबाई आता आतून कडी लावून झोपतात. कृपया पुढच्या वेळी सुनांना झेपेल अशी विनोदी गोष्ट द्यावी.' बाई हसून हसून खोकल्या.

मी मात्र एका पत्रापाशी अडले. 'आई ते शब्द कोणत्या आवाजात म्हणते हे लेखकानं कुठंच सांगितलेलं नाही. सगळी भीती त्यातच आहे. वा, काय हिंमत.' वाचलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. चहा गार झाला. मी उगीच खिडकीपर्यंत जाऊन आले. ती हिंमत लेखकाची नव्हती, माझ्या कात्रीची होती.

लेखक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे, म्हणून कचेरीत त्यांचं नाव भिंगवाले. अंक निघाल्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत यायचे, उभ्याउभ्याच विचारायचे, "शिवणकामवाल्या बाईंचं काही आलं?"

"एवढी ढीगभर कौतुकाची पत्रं आहेत, ती तरी वाचा."

"ती नंतर. ते एकच आलं का सांगा."

त्यांच्या झोळीत अंक अजून वेष्टणातच होता. छापलेलं का वाचत नाही म्हटल्यावर म्हणाले, "आधी तिचं येऊ दे. नाहीतर शब्दाशब्दाला वाटेल, हे ती कसं वाचेल, ते कसं वाचेल."

पाचव्या दिवशी मी त्यांना खुर्चीवर बसवलंच. कोण या बाई, विचारलं.

"माझी ताई. पलीकडच्या पेठेत कपडे दुरुस्तीचं दुकान आहे तिचं. तुमची जुनी वर्गणीदार, म्हणून तर गोष्ट इथं पाठवली." मग खाली बघत सांगितलं. आई शेवटी भ्रमिष्ट झाली होती, उठून रस्त्यावर चालू लागायची. ताईच्या डोळ्याला दोन महिने डोळा लागला नाही. एका दुपारी थकून तिनं बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसल्याबसल्या झोपली. आई आतून बोलत होती. तासाभरानं कडी काढली तर आई गेलेली. "ताईला अर्धवट झोपेत शब्द तेवढे ऐकू आले. तिच्या मनानं घेतलं, आई तळतळत गेली. नातेवाईक बोलले ते बोललेच. मी गप्प राहिलो, तर तिला वाटलं मीही तिलाच दोष देतो. सहा वर्षं झाली, माझ्या घरी आलेली नाही."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"शेजारच्या खोलीत, तापानं पडलेलो. जागा होतो. आई कशी बोलत होती ते मला ऐकू आलं. तोंडावर सांगायला गेलो की ताई विषयच तोडते. म्हणून पटकथा लिहिली. पटकथेत कसं म्हटलं ते लिहायला जागा असते ना, कंसात."

माझ्या हातातली पेन्सिल गळून पडली. मी वाकून ती शोधत राहिले, जरा जास्तच वेळ. टेबलाखाली तोंड लपवायला बरी जागा असते. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. जेवणाची सुट्टी संपली, ते गेले. त्या दिवशी मी घरी तीनदा आमटी ढवळली आणि मीठ घालायचं विसरले. नवऱ्यानं काही न बोलता वरून घेतलं. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मामांच्या गठ्ठ्यात ते आलं. पोस्टकार्ड, चार ओळींचं. 'गोष्ट वाचली. शब्द बरोबर आहेत, आई असंच म्हणाली होती. लिहिणाऱ्याला सगळं जसंच्या तसं आठवतंय हे कळलं. माझी वर्गणी बंद करावी.'

भिंगवाले आले तेव्हा मी कार्ड आणि त्यांचं मूळ हस्तलिखित दोन्ही समोर ठेवलं. म्हटलं, "आधी माझं ऐका. कंस मी काढले. पानात बसत नव्हतं म्हणून. सगळे." त्यांनी वेष्टण फाडलं, आठ पानं उलटली. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, त्यानं मी अधिकच मेले.

"म्हणजे तिच्या हातात नुसते शब्द गेले," ते म्हणाले. "ते तर तिच्याजवळ होतेच."

"उठा. आत्ता जाऊ."

"ती मला दुकानात घेणार नाही."

"तुम्हाला नाही घेतलं तर मला घेईल. माझ्या परकराची नाडी निघालीय म्हणेन." बाईंना सांगायलाही मी थांबले नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुकान म्हणजे एक खिडकी, एक यंत्र आणि छतापर्यंत लटकलेल्या विजारी. ताई शिवणावर मान वाकवून बसली होती. भावाला बघून यंत्र थांबवलं नाही, फक्त पाय जोरात चालू लागला.

"मासिकातून आलेय," मी आवाज चढवून म्हटलं. "चूक झालीय आमची. गोष्टीतलं निम्मं छापलंच नाही."

"जे छापलं ते पुरे झालं मला."

"पुरे कसं? तुमच्या भावानं आईचा आवाज लिहिला होता, तो मी कापला. जागेसाठी. वाचू?"

यंत्र चालूच होतं. मी त्या खडखडाटातच वाचलं.

"'दार उघड गं.' याच्याआधी कंसात आहे, चेष्टेनं. 'कोंडलंस होय मला?' कंसात, हसत, लहानपणी लपाछपीत सापडल्यावर हसायची तसं. 'बरं. झोप तू. मी आहे इथंच.' कंसात..." मी कागद भिंगवाल्यांपुढे धरला.

त्यांनी वाचलं, "कंसात, पांघरूण घालताना बोलावं तसं."

यंत्र थांबलं.

"हे तू गोष्टीसाठी रचलंस," ताई म्हणाली.

"नाही."

"मग सहा वर्षं तोंडात काय धरलं होतंस, बारक्या?"

"तू ऐकून घेत होतीस का? आणि मला तसं म्हणता येत नाही, ताई. खूपदा करून बघितलं. आवाज लागत नाही. लागला असता तर लिहिलं कशाला असतं."

"म्हण."

"नाही येत गं."

"म्हण म्हणते ना. बघू दे कसा खोटा पडतोस."

त्यांनी म्हटलं. 'बरं. झोप तू. मी आहे इथंच.' अगदी हळू, घोगऱ्या आवाजात, शाळेत उभं केल्यासारखं.

ताईनं गळ्यातली मोजपट्टी काढली, बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. विजारींकडे बघत राहिली. देवा, म्हटलं, माझ्या कात्रीचं पाप या दोघांच्या माथी नको मारूस.

"एवढं रडवेलं नाही म्हणायची ती," ताई शेवटी म्हणाली. "'बरं' जरा लांबवायची. आणि 'झोप तू' वर सूर खाली." आणि तिनं ते म्हणून दाखवलं.

भिंगवाल्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, "विजार झाली का?" म्हणून विचारू लागलं. "थोडं फिरून या," ताई त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि पायानं स्टूल भावाकडे सरकवलं. "पहिल्यापासून वाच. सगळं. कंसासकट."