औशाहून आलेली डबी

वीरेश गच्चीवर उकिडवा बसून पितळेच्या तांब्याला चिखल फासत होता. आदल्या दिवशी रुद्राणीने तो तांब्या चिंच-मीठ लावून इतका लख्ख घासला होता, की फोटो बघून पुण्याच्या ग्राहक बाईंनी विचारले, "हा नवीन आहे का?" नवा तांब्या त्यांना घराखालच्या दुकानातही मिळाला असता. भाव जुनेपणाला होता, आणि जुनेपणा रुद्राणीने मोरीत धुऊन टाकला होता.

"भांडं दुसऱ्याच्या घरी जायचं तर घासून द्यावं, असं आमच्या आईनं शिकवलंय," दोरीवर धुणे टाकत रुद्राणी म्हणाली.

"तुझ्या आईनं कधी ऑनलाइन विकलं नव्हतं."

"हाव. तिच्यावर पाळीच आली न्हाई तशी."

वीरेशने चिखलाचा आणखी एक हात दिला.

तो लातूरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवायचा. तिथला पगार पाहुण्यासारखा होता. न कळवता यायचा आणि फार थांबायचा नाही. मुलगी शिवानी बारावीला होती. लातुरात राहून पोरीला डॉक्टरकीच्या क्लासला घालायचे की नाही, हे आईबापांनी ठरवायचे नसते, ते शेजाऱ्यांनी आधीच ठरवलेले असते. तेव्हा वर्ष-दीड वर्षापूर्वी नवरा-बायकोने भंगारातून जुन्या वस्तू निवडून मोबाइलवर विकायला सुरुवात केली. कुणाचे तरी घंगाळ पुण्याच्या बाल्कनीत कुंडी झाले. कुणाचा अडकित्ता चौकटीत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर गेला. ग्राहकाला वस्तूबरोबर गोष्ट लागते, हे वीरेशच्या लवकर ध्यानात आले. सकाळी वर्गात 'साधनांशिवाय इतिहास नाही' असे सांगून तो दुपारी घरी यायचा आणि एका पानदानाच्या मागे दोन नवाब आणि एक दिवाण उभे करायचा. पानदान गेले. नवाबांबद्दल कुणाची तक्रार आली नाही.

चांदीची डबी आली ती शेषेरावच्या पोत्यातून. शेषेराव मूळचा भोकरचा, लातुरात त्याचे भंगाराचे दुकान होते. चांगले काही आले की तो फोन करायचा.

"सर, औशाच्या एका घरचं सामान हाय. तुमच्यासाठी कधीचा बाजूला ठेवून राहिलो."

पोत्यात दोन समया होत्या, एक गडवा होता आणि तळाशी अंड्याएवढी चांदीची डबी होती. वीरेशने ती बघताच ओळखली. लिंगायताच्या घरात जन्मलेला माणूस ती ओळखणारच. गळ्यातले इष्टलिंग ठेवायची डबी. एखाद्या घरी नवी घडवली की जुनी मोडीत निघते, त्यात वावगे काही नसते. झाकण मळाने घट्ट बसले होते. त्याने तसाच फोटो काढून टाकला, खाली 'चांदीची जुनी डबी, दुर्मीळ घडण' असे लिहिले. पुण्यात लोकांची घरे सजवून देणाऱ्या एका बाईंनी ती लगेच पसंत केली आणि पैसेही पाठवून दिले. कुणाच्या तरी सोफ्यापुढच्या टेबलावर ती 'फार बोलेल', असे त्यांचे मत होते.

पाठवण्याआधी रुद्राणीने फटीत तेल सोडले आणि पदरात धरून झाकण फिरवले. झाकण निघाले. तिने डबी चटकन समोरच्या ताटात ठेवली आणि हात पदराला पुसले.

"आत हाय," ती म्हणाली.

"काय हाय?"

"इष्टलिंग हाय हो."

वीरेशने वाकून पाहिले. काळेभोर इष्टलिंग, त्यावर भस्माची पुसट बोटे, आणि बाजूला वाळून कागद झालेले बेलाचे पान.

तान्हेपणी जंगम गुरू येऊन जे बांधतो, ते माणसाबरोबरच जाते. माती देताना माणसाला बसवतात आणि ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. मागे चष्मा उरतो, काठी उरते, गोळ्यांची अर्धी पट्टी उरते. हे उरत नाही. मग हे पोत्यात आले, म्हणजे कुणाला तरी रिकाम्या हाताने मातीत बसवले होते, किंवा त्याहून वाईट काही झाले होते. ते वाईट काय, हे दोघांनीही तोंडाने म्हटले नाही.

"आतलं मठात नेऊन देऊ," शेवटी वीरेश म्हणाला, "आणि डबी पाठवून टाकू."

"आन् स्वामी विचारले, कुणाचं हाय, तर काय सांगताव? नवाबाचं?"

त्याने शेषेरावला फोन लावला.

"चोरीचं न्हाई हो सर, मी त्यातला माणूस न्हाई," शेषेराव न विचारताच म्हणाला. "साखराबाई म्हणून हायेत. त्यांनी सोताच्या हातानं पोत्यात टाकलं. घर पायजे तर सांगतो."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर दोघे स्कूटरवरून औशाला निघाले. डबी डिकीत ठेवायला रुद्राणी तयार झाली नाही. धुतलेल्या खणात गुंडाळून तिने ती मांडीवर घेतली आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा आला की नवऱ्याच्या खांद्याऐवजी डबीच धरली.

साखराबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. साठीच्या पुढच्या, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात काळी पोत. ती पोत बघून वीरेशचा जीव भांड्यात पडला. मालक आहेत. म्हणजे डबी चुकून गेली. आणि मालक जर जुन्या वळणाचे असतील, तर पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसतील. म्हातारा चार दिवस उपाशी बसलेला असणार. एवढी सगळी गोष्ट त्याने चपला काढता काढता जुळवली. सवयच झाली होती.

"शरणु शरणार्थी," तो हात जोडून म्हणाला. "मावशी, आधी मालकांना बोलवा. त्यांची ठेव आणलीय. म्हणावं, आता जेवून घ्या."

सूप थांबले. रुद्राणीने खण सोडून डबी जमिनीवर ठेवली. साखराबाईंनी तिला हात लावला नाही.

"कशाला आणलाव हे?"

"चुकून सामानात गेलं असेल म्हणून…"

"चुकून न्हाई गेलं."

"आत इष्टलिंग हाय, मावशी," रुद्राणी हळू आवाजात म्हणाली.

"मला ठाऊक न्हाई व्हय? मीच झाकण लावलं की." साखराबाईंनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "बसा. उभं नका राहू."

दोघे बसले.

"लई वर्षं झाली. मालक एक दिवस सकाळी उठले. आंगुळ केली. पूजा केली. गळ्यातलं काढून देवळीत ठिवलं. च्या पिले. आन् गेले."

"कुठं?" वीरेशने विचारले.

"ते सांगून गेले असते तर मी हितं असते का?"

वीरेशने मान खाली घातली.

"भांडण न्हाई, तंटा न्हाई. च्या गोड झालाय म्हणले, तेवढंच. मग लोक सांगायला लागले. कुणी म्हणलं बिदरला दिसले. कुणी म्हणलं नांदेडला गुरुद्वाराच्या लंगरात जेवायला बसतेत. लेक नांदेडलाच दिलीय. मी तिच्याकडं गेले, रोज जाऊन पंगतीत बघितले. एक सापडलं. कान अगदी तसेच हुते." त्यांनी पुन्हा एक खडा टाकला. "माणूस दुसरा हुता. मला बघून तेबी घाबरला बिचारा."

रुद्राणीला हसू आले आणि तिने ते पदरात दाबले. साखराबाईच हसल्या.

"हास की. मीबी हासले हुते, घरी आल्यावर."

मग त्यांनी तूर पुन्हा एकदा पाखडली.

"ज्याच्या गळ्यातलं, पूजा त्यानंच करावी. दुसऱ्यानं करू नये. तरी मी करीत आले, आज करू उद्या करू म्हणत. आता स्वामी म्हणतेत, माणूस न्हाई तर न्हाई, हेच मातीत द्या आन् मोकळ्या व्हा. लेकबी तेच म्हणती. फोनवर रडती." त्यांनी डबीकडे हनुवटी केली. "ह्याला पुरलं की ते मेले. ठिवून घेतलं की ते यायलेत. रोज यायलेत. दोन्हीबी नको झालं, सर. म्हणून इकलं."

वीरेश इतिहासाचा माणूस. एखाद्या वाक्यानंतर काहीतरी बोलायची त्याला धंद्याने सवय होती. या वेळी त्याने सुपाबाहेर पडलेला तुरीचा एक दाणा उचलून परत सुपात टाकला.

"तुम्ही हे कुठं इकताव?"

"पुण्याला. मोबाइलवरून."

"लांबच हाय की."

"हाव."

"मग जाऊ द्या तिकडंच. तिकडं त्याला कुणी वळखणार न्हाई." आणि साखराबाईंनी सुपाच्या काठाने ती डबी हळूच ढकलत, रुद्राणीच्या गुडघ्यापर्यंत आणून सोडली.

चहा झाला. निघताना त्यांनी आतून बटणांचा मोबाइल आणून वीरेशच्या हातात दिला.

"ह्यात तुमचा लंबर घाला. आन् घेणाऱ्याचं नाव न्हाई सांगितलं तरी चालंल. गेलं एवढं सांगा."

घरी आल्यावर रुद्राणीने डबी देवाच्या फळीवर एका कडेला ठेवली. "आजच्या दिवस," ती म्हणाली.

पुण्याच्या बाईंचा निरोप येऊन पडला होता. डबी कधी निघते आणि तिची काही गोष्ट असल्यास कृपया पाठवावी. वीरेश मोबाइल घेऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याने 'वस्तू उपलब्ध नाही' एवढेच लिहिले आणि आलेले पैसे परत पाठवले. बाईंनी त्याला पाचपैकी एक तारा दिला आणि खाली 'अव्यावसायिक' असा शेरा मारला. दोन नवाबांना मिळून पाच तारे होते.

मठात न्यायचे ठरले होतेच. वीरेश पहिल्यांदा गेला तेव्हा स्वामी उदगीरला गेले होते. दुसऱ्यांदा ते होते, समोरच बसले होते. वीरेशने पाया पडून शिवानीच्या परीक्षेला आशीर्वाद मागितला, प्रसाद खाल्ला आणि पिशवीतली डबी पिशवीतच ठेवून घरी आणली. रुद्राणीने पिशवी हातातून घेतली. डबी पुन्हा फळीवर गेली. शेजारच्या अंगणात बेलाचे झाड होते. रुद्राणी रोज सकाळी तिथून तीन पाने आणायची आणि आणताना शेजारणीशी जरा जास्तच वेळ बोलायची, म्हणजे पानांचा विषय निघत नसे.

शिवानीने एकदा विचारलेच.

"मम्मी, हे कुणाचं आहे?"

"एकाचं हाय. ठेवायला दिलंय."

"कधी नेणारेत?"

"तू अभ्यास कर."

याच सुमारास वीरेशच्या एक गोष्ट लक्षात आली. दारात कुणी म्हातारा उभा राहिला, मग तो पत्ता विचारणारा असो, पाणी मागणारा असो की वर्गणीवाला, रुद्राणी आधी त्याच्या गळ्याकडे बघायची आणि मग 'काय पायजे' म्हणायची. तिच्या नकळत होत असावे. मागच्या आठवड्यात बसस्टँडवर वीरेश एका माणसाच्या सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून आत बघत राहिला होता. त्या माणसाने खिसा घट्ट धरला.

साखराबाईंचा फोन रविवारी सकाळी आला. रुद्राणी फळीपुढे बसली होती. वीरेशने दाराशी उभे राहून फोन घेतला.

"सर, औशाहून बोलतेय. गेलं का ते?"

वीरेशने आयुष्यात दिवाणांच्या तोंडी इतकी वाक्ये घातली होती, की हे त्याला जड जायला नको होते.

"गेलं, मावशी."

"पुण्याला?"

"पुण्याला."

"बरं झालं. सुटले मी."

पलीकडे कुणीतरी हातपंप मारत होते. पंपाचा आवाज थांबला, तरी फोन चालूच होता.

"सर."

"बोला की."

"घेणाऱ्यांचा पत्ता ठिवलाव न्हवं तुम्ही?"

"कशाला, मावशी?"

"कशाला म्हंजी… कशालाच न्हाई. समजा कुणी इचारीत आलं, तर सांगाया पायजे की न्हाई? न्हाई म्हणून कसं पाठवायचं माणसाला दारातून?"

वीरेशने फळीकडे पाहिले. रुद्राणीचा हात डबीवर थांबला होता. तिने ऐकले होते.

"लिहून घ्यायला कुणी हाय का जवळ?" त्याने विचारले.

"न्हाई. तुम्ही सांगा. ध्यानात ठिवते मी."

"शांतेश्वर कॉलनी," वीरेश सावकाश म्हणाला. "पाण्याच्या टाकीच्या मागं. दुसरी गल्ली, निळं फाटक."

"पाण्याच्या टाकीच्या मागं," साखराबाई म्हणाल्या. "निळं फाटक. गाव?"

"लातूर."

फोन कटला की काय म्हणून वीरेशने तो कानापासून काढून पाहिला. कटला नव्हता.

"सर, तुमच्या मालकिनीला सांगा," साखराबाई म्हणाल्या. "बेल रोजच्या रोज ताजा घाला म्हणावं. शिळा त्यांना चालत न्हाई."