देव आणि सुकाण्या

पुरुषोत्तम सबनीसांनी आयुष्यभर माणसांना झोपवलं. ते भूलतज्ज्ञ. मिरजेहून लंडनला आले आणि निवृत्त होईपर्यंत ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी बसून राहिले. "माझं काम नीट झालं की पेशंटला मी आठवतच नाही," असं ते अभिमानानं सांगत. पुढे येणं, आवाज चढवणं, लोकांनी आपल्याकडे बघणं, यातलं काहीच त्यांना जमत नसे. अशा माणसाला त्यांच्या बायकोनं सत्तरी उलटल्यावर नाटकात घेतलं, तेही दारूच्या देवाच्या.

सुनेत्राताई हॅरोमधल्या मराठी नाटक मंडळाच्या दिग्दर्शिका. त्या वर्षी कौन्सिलनं कालव्याकाठी उन्हाळी उत्सव ठरवला होता आणि प्रत्येक मंडळाला अर्धा तास दिला होता. स्टेज मात्र नव्हतं. काठावरचं गवत आणि समोर पाणी, बस्स. सुनेत्राताई वैतागल्या होत्या. तेव्हा आंद्रेआस जेवायला आला.

आंद्रेआस सायप्रसचा ग्रीक. पुरुषोत्तमांच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होता. निवृत्तीनंतर त्यानं कालव्यात चालणारी एक लांबुळकी, अरुंद होडी घेतली होती आणि ती हेअरफील्डजवळ बांधून ठेवलेली असे. वरणभातावर लिंबू पिळत तो म्हणाला, "स्टेज नाही? माझी बोट घ्या. आणि गोष्टही माझ्याकडे आहे."

त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. समुद्राकाठी एक देखणा तरुण एकटाच उभा असतो. अंगावर जांभळी शाल, मोकळे केस. चाचे त्याला बघतात. कुणा राजाचा मुलगा असणार, याला धरला तर मोठी खंडणी मिळेल, म्हणून त्याला उचलून जहाजावर आणतात आणि दोरांनी बांधतात. पण दोर अंगावर टिकत नाहीत, आपोआप गळून पडतात. तो नुसता हसत बसलेला. सगळ्या जहाजावर एकट्या सुकाण्याला, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याला, कळतं की हा माणूस नव्हे. तो विनवतो, याला सोडा. तांडेल, म्हणजे चाच्यांचा म्होरक्या, त्यालाच वेड्यात काढतो. मग डेकवरून वाइन वाहू लागते, शिडावर द्राक्षाचा वेल चढतो, डोलकाठीला आयव्हीची वेल विळखे घालते, आणि तरुणाचा सिंह होतो. चाचे भिऊन पाण्यात उड्या टाकतात आणि त्यांचे डॉल्फिन होतात. जहाजावर दोघंच उरतात, देव आणि सुकाण्या.

"कोण हा देव?" सुनेत्राताईंनी विचारलं. त्यांचा हात ताटातच थांबला होता.

"डायोनायसस. वाइनचा देव."

"म्हणजे दारूचा," पुरुषोत्तम म्हणाले. "गणपतीची वर्गणी देणाऱ्या लोकांसमोर आपण दारूच्या देवाचं नाटक करायचं?"

"डॉक्टर, तो नाटकाचाही देव आहे. अथेन्समध्ये वसंतात त्याचा उत्सव असायचा. नाटकांची स्पर्धा व्हायची ती त्याच्यासाठी. लोक त्याला 'सोडवणारा' म्हणायचे. माणूस स्वतःला जे बांधून घेतो ना, ते सोडवणारा." आंद्रेआस हसला. "आणि तो तुमच्याकडे येऊन गेलाय. आमच्या गोष्टींत तो इंडियापर्यंत जातो आणि बिबटे जोडलेल्या रथातून परत येतो."

"बिबटे आणि द्राक्षं दोन्ही? मग जुन्नरलाच गेला असणार," पुरुषोत्तम म्हणाले. "परत कशाला आला? तिथंच राहायचं."

पण सुनेत्राताईंनी तोवर ठरवून टाकलं होतं. सुकाण्या वयस्क हवा, शांत हवा आणि त्याला वाक्यं थोडी हवीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही करताय."

तालमी त्यांच्या गॅरेजमध्ये सुरू झाल्या. देवाच्या भूमिकेत अपूर्व होता. नागपूरचा मुलगा, एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर, एजवेअरला खोली घेऊन राहायचा. दिसायला सुंदर, पण आवाज एवढा हळू की शेजारच्यालाही दोनदा विचारावं लागे. तांडेलाच्या भूमिकेत मिहीर. तो इथंच जन्मलेला, उंचापुरा, उत्साही, आणि मराठीतली लिंगं त्याच्यासाठी कायमची लॉटरी.

"माझा लाइन कुठं येतो, आंटी?"

"माझी लाइन. कुठे येते."

"तेच. कुठं येते तो?"

खरी अडचण अपूर्वची होती. शेवटी देवानं सुकाण्याला म्हणायचं होतं, "भिऊ नकोस. तू मला ओळखलंस." अपूर्व दरवेळी अडखळायचा आणि म्हणायचा, "भिऊ नका काका. तुम्ही मला ओळखलंत."

"अरे, देव आहेस तू," सुनेत्राताई म्हणायच्या. "देव सुकाण्याला अहोजाहो करतो का?"

"काकू, काकांना 'तू' कसं म्हणू? तोंडातून निघतच नाही."

पुरुषोत्तमांचीही तीच गत. "सोडा त्याला, हा माणूस नव्हे," हे वाक्य ते पेशंटला उलटे आकडे मोजायला सांगावेत तसं म्हणायचे. सुनेत्राताई रात्री त्यांना म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांना झोपवाल." ते म्हणाले, "दुसरं काही येत नाही मला." हे त्यांनी गमतीत म्हटलेलं नव्हतं.

निदान सुकाणू खरं वाटावं म्हणून आंद्रेआसनं त्यांना एका सकाळी बोट चालवायला शिकवली. सुकाणू म्हणजे मागे बसवलेला एक लांब पितळी दांडा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. पुरुषोत्तमांनी सावकाश थोडं अंतर बोट नेली. घरी आल्यावर ते जेवताना चमच्यानं टेबलावर काहीतरी वळवत बसले होते.

प्रयोगाच्या दिवशी आठवडाभराच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं. काठावर ही गर्दी. हॅरोतली अर्धी मराठी मंडळी, इल्फर्डहून आलेले पाहुणे, कुत्री फिरवणारे इंग्रज म्हातारे, सायकलवरून उतरून उभे राहिलेले लोक. आंद्रेआसनं काठावर एक खांब रोवला होता. त्याला त्यानं जांभळं कापड नेसवलं, वर दाढीवाला लाकडी मुखवटा बसवला आणि आयव्हीच्या वेली गुंडाळल्या. पूर्वी डायोनायससची पूजा अशीच व्हायची म्हणे, खांबाला वस्त्र आणि मुखवटा.

पुरुषोत्तम त्यासमोर थबकले. "सुनेत्रा, ही तर गुढी झाली."

"मग नमस्कार करा आणि बोटीवर चढा."

त्यांनी खरंच हात जोडले.

बोट काठाला समांतर बांधलेली होती, पुढे एक आणि मागे एक लोखंडी खुंटी जमिनीत ठोकून. इंजिन आंद्रेआसनं हळू चालूच ठेवलं होतं, समुद्राची धडधड म्हणून. काठावर कस्तुरी ढोलकी घेऊन बसली. ती दिवसा दातांची डॉक्टर, पण ढोलकीवर हात पडला की ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहत नसत. तिनं पहिली थाप दिली आणि नाटक सुरू झालं.

मिहीर आणि बाकीच्या तिघा चाच्यांनी अपूर्वला उचलून बोटीवर आणलं आणि डोलकाठी म्हणून उभ्या केलेल्या बुटक्या बांबूला बांधलं. तालमीत सुतळी होती, अपूर्वनं गुपचूप टोक ओढलं की सुटणारी. आज मिहीरनं नवाकोरा नायलॉनचा दोर आणला होता. त्याची गाठ बसेना. अपूर्वनं टोक ओढायच्या आधीच दोर सुळकन खाली पडला. लोक हसले. मिहीरनं पुन्हा बांधला, जोर लावून. दोर पुन्हा गळाला. आता मिहीर खरोखर गोंधळला. त्याच्या कपाळावर घाम आला आणि तो वाक्यात नसलेलंच बोलला, "काय आहे हा मुलगा? दोर राहत नाही ती."

या वेळी कुणी हसलं नाही. अपूर्व हलला नव्हता. तो वर बघून मंद हसत होता. तालमीत न जमलेलं हसू नेमकं आज आलं होतं.

पुरुषोत्तम मागे सुकाणूपाशी उभे होते. पायाखाली इंजिनाची धडधड, कानात ढोलकी, समोर तो मुलगा आणि त्याच्या पायाशी पडलेला दोर. पुढचं वाक्य आपलं आहे हे त्यांना आठवलंही नाही. ते आपोआपच बाहेर पडलं, आणि एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या काठावरचा एक कुत्रा भुंकला.

"सोडा त्याला. अरे, दिसत नाही का तुम्हाला? हा माणूस नव्हे."

सुनेत्राताईंनी नवऱ्याचा हा आवाज लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. त्यांच्या हातातली संहिता खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

मग सगळं भराभर घडलं. डोलकाठीवर कापडी वेल सरसरत चढले. कस्तुरीनं लय दुप्पट केली. काठावरची पोरं नाचायला लागली, त्यांच्या आया नाचायला लागल्या, सायकलवाल्यानं हेल्मेट काढून त्यावर ताल धरला. अपूर्वनं सिंहाचा मुखवटा चढवून मान वळवली. चाच्यांनी एकेकानं काठावर उडी मारायची असं ठरलेलं होतं. पण त्या ढोलकीवर एकेकट्यानं काही करणं शक्यच नव्हतं. चौघांनी एकदम आरोळी ठोकून एकदम उड्या टाकल्या, आणि त्या धक्क्यानं बोट काठापासून सरकली.

पावसानं जमीन भुसभुशीत झाली होती. पुढची खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. आंद्रेआस मागच्या दोराकडे धावला. त्याचा हात पोचेपर्यंत मागची खुंटीही निघाली होती. बोट आडवी होत कालव्याच्या मध्याकडे निघाली. तिच्यावर दोघंच उरले होते.

लोकांना वाटलं, हे नाटकातच आहे. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

अपूर्वनं मुखवटा वर केला. "काका," तो पुटपुटला, "हे आपण बसवलं होतं का?"

समोरच्या काठाला लोकांच्या राहत्या बोटी ओळीनं बांधलेल्या होत्या. एका खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या होत्या आणि या बोटीचं नाक नेमकं तिकडेच चाललं होतं. पुरुषोत्तमांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. जिकडे जायचं त्याच्या उलट. त्यांनी गिअरची मूठ पुढे ढकलली आणि अंगाचा सगळा भार देऊन दांडा लोटला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते लांबलचक धूड कुरकुरत वळायला लागलं. जिरेनियमच्या कुंड्या हातभर अंतरावरून मागे गेल्या. आतली बाई चहाचा कप घेऊन बघत होती. पुरुषोत्तमांनी तिला मान लववून नमस्कार केला.

"काका, आता काय करायचं?"

"तुझं वाक्य राहिलंय," पुरुषोत्तम म्हणाले. त्यांची टोपी पडली होती, पांढरे केस उडत होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. "बोल. लोक धावताहेत."

लोक खरंच धावत होते. काठावरच्या पायवाटेनं अख्खा प्रेक्षकवर्ग बोटीबरोबर निघाला होता. पुढे मुलं, मग चाचे, मग साड्या सावरत बायका. कस्तुरी ढोलकी गळ्यात अडकवून चालता चालता वाजवत होती. आंद्रेआसनं खांबच उपटून खांद्यावर घेतला होता, त्यामुळे मुखवटा सगळ्यांच्या डोक्यावरून डुलत चालला होता.

अपूर्वनं ते पाहिलं. तो बोटीच्या छपरावर चढला, मागे वळून सुकाण्यापुढे उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, "भिऊ नकोस. तू मला ओळखलंस."

दोन्ही काठांवर ते ऐकू गेलं. पुरुषोत्तमांना यावर वाक्य नव्हतं. ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते वाहू दिले.

पुढे जुना विटांचा पूल होता. तिथं कालवा अरुंद होतो आणि बोट काठाला जवळजवळ घासूनच जाते. सुनेत्राताई धापा टाकत तिथं आधीच पोचल्या होत्या.

"अहो, थांबवा."

"थांबवायचं शिकवलेलं नाही," पुरुषोत्तम म्हणाले. "चढतेस का?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, साडीचा पदर खोचला आणि अपूर्वनं पुढे केलेला हात धरून पाऊल टाकलं. बोट डुलली. मागून टाळ्या झाल्या. पुलाच्या कमानीखाली गार अंधार पसरला आणि त्यात ढोलकी चारही बाजूंनी घुमली.

बाहेर उजेडात आल्यावर काठावरून आंद्रेआसनं ओरडून सांगितलं की एवढी लांब बोट इथं वळायची नाही, पुढे मैलभरावर रुंद जागा आहे, तिथपर्यंत जावंच लागेल.

"ऐकलंत का?" सुनेत्राताई म्हणाल्या. त्यांचा श्वास अजून लागलेला होता. "नाटक तर संपलं. अर्धा तास कधीच होऊन गेला."

"लोकांना सांग तसं."

सुनेत्राताईंनी वळून पाहिलं. एकही माणूस परत फिरला नव्हता. मिहीर सगळ्यांच्या पुढे होता आणि त्यानं कुणाचंसं लहान पोर खांद्यावर घेतलं होतं. एक इंग्रज म्हातारी त्यांच्याकडे बघून हात हलवत होती.

सुनेत्राताई छपराच्या कडेला बसल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. ते पुढं वाकून वळण न्याहाळत होते.

"जरा डावीकडे सरक," ते म्हणाले. "पुढचं दिसत नाही मला."