हाकेला जायचं नाही

घड्याळवाल्याच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात बायकोनं त्याला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "अहो" म्हटलं की भागायचं. अहो, गॅस संपला. अहो, ऐकू येतंय का? पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि मध्ये एक पडदा. आवाज चढवायची तशी काही गरज नव्हती, पण बायकोचा आवाज मुळातच चढलेला. दुकानात बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा दचकून उभं राहायचं.

अशा घरात घारीचं पिल्लू आलं. समोरच्या झाडाची फांदी तारांना लागते म्हणून विजेवाले ती छाटून गेले आणि फांदीबरोबर घरटंही खाली आलं. पिल्लू आपटलं ते दुकानाच्या पत्र्यावर. पिसं कमी, चोच जास्त आणि नजर अशी की जणू घड्याळवाल्यानंच त्याला ढकललं होतं.

पक्षी केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आल्या. पंखाचं हाड मोडलं होतं, ते त्यांनी बांधलं. गेल्या आठवड्यातल्या वादळानंतर केंद्रात जखमी पक्ष्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा पिल्लू तुम्हीच सांभाळा म्हणाल्या. वर तीन अटी घातल्या. तिच्याशी बोलायचं नाही, तिला कुरवाळायचं नाही, तिचं नाव ठेवायचं नाही.

"नावं ठेवली तर चालतील?" बायकोनं विचारलं. ती तर तिनं ठेवायला घेतलीही होती.

पण खरं सांगायचं तर सगळं तिनंच केलं. मांसाला हात लावणार नाही म्हणून ऐटीत सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून कोंबडीच्या माना बारीक चिरून द्यायला लागली, कारण नवऱ्यानं चिरलेले तुकडे "बैलाला घालायचे" असायचे. चिरून झालं की ती स्वयंपाकघरातून हाक मारी, "अहो!" घड्याळवाला डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून उठायचा, वाटी घ्यायचा आणि घड्याळाच्या चिमट्यानं एकेक तुकडा पिल्लाला भरवायचा. अटी मात्र दोघांनी देवाशपथ पाळल्या. घारीशी कुणी अवाक्षर बोललं नाही.

पंख जुळला. बाजूच्या अंगणात जाळी ठोकली, त्यात घार या दांडीवरून त्या दांडीवर उडायला लागली. डॉक्टरीणबाई बघायला आल्या, खूश झाल्या. तेवढ्यात बायकोनं आतून विचारलं, "अहो, बाई चहा घेतील का?"

घार दांडीवरून सुटली ती थेट स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या जाळीवर जाऊन आदळली. तिथं लटकून, चोच वासून ती किंचाळायला लागली.

"हिचं नाव अहो ठेवलंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

घड्याळवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. घारीला काय दोष द्यायचा? अहो म्हटलं की खाणं येतं, हे तिनं रोज पाच वेळा पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, अहो कुठल्याही खिडकीतून ऐकू येतं. ही जाईल तिथं खायला मागायला आणि कुणीतरी घालेल काठी. अशी घार मला सोडता येत नाही. आमच्याकडे एक आहे तशी. अकरा वर्षं पिंजऱ्यात आहे, शाळेची मुलं आली की मान हलवते."

"मग आता?" बायकोचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"सहा आठवडे देते. खाणं पडद्याआडून, नळीतून सोडायचं. आणि अहो, अहो करत राहायचं दिवसभर. पण त्या हाकेनंतर तिला काही मिळता कामा नये. काका, तुम्हीही हाकेला जायचं नाही. तुम्ही उठलात की तिला वाटणार, आलं जेवण."

"हे जरा लिहून द्याल का?" घड्याळवाला म्हणाला.

त्यांनी लिहून दिलं. त्यानं तो कागद कामाच्या टेबलावर चिकटवला आणि जन्मात पहिल्यांदा सुखानं घड्याळं दुरुस्त केली. आतून अहोचा मारा चाललेला आणि हा महाराज स्क्रू फिरवतोय. पहिल्या आठवड्यात घार प्रत्येक हाकेला झेपावली. दुसऱ्यात नुसती मान वळवायला लागली. घड्याळवाला तर पहिल्या दिवसापासूनच तयार होता.

खरंच काही काम निघालं तर बायको काय करणार? तिला नाव घ्यावं लागलं. पहिल्यांदा घेतलं तेव्हा ती इतकी लाजली की काम काय होतं तेच विसरली. शेजारणीनं ते ऐकलं आणि दोघांचं जोरात बिनसलंय अशी बातमी गल्लीभर केली.

पाचव्या आठवड्यात बायको स्टुलावर चढून वरचा डबा काढत होती. स्टूल कलंडलं. "अहो!" ती ओरडली. थोड्या वेळानं पुन्हा, "अहो..."

दुकानाच्या बाजूच्या खिडकीतून घड्याळवाल्याला घार दिसत होती. तिनं पिसं साफ करता करता डोकंसुद्धा वर केलं नाही. त्याला भरून आलं. शिकली पोरगी, तो मनात म्हणाला आणि जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा आतून त्याचं नाव ऐकू आलं, तेव्हा तो धावला.

ती फरशीवर बसली होती. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"मला वाटलं सराव चाललाय," तो म्हणाला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"घार सुधारली," ती दात आवळून म्हणाली, "तुम्ही बिघडलात."

सोडायच्या दिवशी तिघं गच्चीवर गेली. बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरीणबाईंनी खोका उघडला. घार बाहेर आली, दोन उड्या मारल्या आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली.

"आता हाक मारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आली तर परत खोक्यात."

बायकोनं हाक मारली. "अहो." कोरडी, कर्तव्याची हाक. हजेरी घेतल्यासारखी. घार ढिम्म. आणखी दोनदा मारली. घारीनं पाठ फिरवली. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, कागदावर खूण केली आणि रिकामा खोका उचलून जिन्याकडे वळल्या.

घारीनं पंख उघडले. पत्र्यावर पडलेलं ते बेढब पिल्लू एका झोक्यात समोरच्या घरांवर गेलं. शाबास, घड्याळवाल्याला वाटलं. आता कुणाच्या बापाची भीती नाही.

"अहो!"

गच्ची दणाणली. ही हाक सरावाची नव्हती, स्वयंपाकघरातली होती. चिरून झालंय, या, अशी. घड्याळवाल्याचा जीव खाली-वर झाला. आता घार वळली तर सहा आठवडे पाण्यात आणि ती जन्मभर पिंजऱ्यात. त्यानं वर बघितलं. घारीनं एक गोल मारला, अर्धा आणखी मारला आणि उंच होत होत ती निघून गेली.

बायको कठड्याशी उभी होती, चांगला हात अजून वर. सहा आठवड्यांचं पथ्य विसरून घड्याळवाला धावत तिच्यापाशी गेला.

"आलो, आलो. काय झालं?"

तिनं पदरानं नाक पुसलं. डोळे मात्र आभाळातच होते.

"तुम्हाला नव्हतं बोलावलं," ती म्हणाली.